उशीखालचा 'वीरधवल'

आपल्या होस्टेलमध्ये प्रत्येकाची दोन पुस्तकं असतात. एक टेबलावरचं आणि एक उशीखालचं. टेबलावरचं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. थर्मोडायनॅमिक्स, ॲप्टिट्यूड, गेटची गाईडं, फार तर यशाचे मंत्र सांगणारं एखादं जाडजूड पुस्तक. उशीखालचं मात्र खरं. तिथे हॅरी पॉटरचा पाचवा भाग असतो, ज्याची पानं आता गठ्ठ्यागठ्ठ्याने सुटलेली आहेत. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' असतं. मोबाइलवर उतरवून घेतलेली पीडीएफसुद्धा उशीखालचीच समजा.

आणि मेसच्या लाइनमध्ये कुणी विचारलं, सध्या काय वाचून राहिला बे, तर आपण बिनदिक्कत टेबलावरच्या पुस्तकाचं नाव सांगतो! थर्ड इयरला येऊनही जादूगार, ड्रॅगन आणि राजपुत्र वाचतो हे सांगायची लाज वाटते. मलाही वाटायची. ती कशी गेली ते सांगायचं तर एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल. हा माणूस १९२८ सालीच गेला. पण त्याआधी थोडी माझी.

माझं घर वरठीचं. रेल्वेच्या बोर्डावर भंडारा रोड लिहिलेलं असतं, त्यामुळे बऱ्याच जणांना स्टेशन माहीत असतं आणि गाव माहीत नसतं. मागच्या पावसाळ्यात ओल्या मैदानावर क्रिकेट खेळताना माझा पाय घोट्यात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. बाबा येऊन मला घरी घेऊन गेले आणि समोरच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली. दिवसा मुंबई-हावडा लाइनवरच्या मालगाड्यांचे डबे मोजायचे आणि रात्री प्लांटच्या दिशेचं लालसर आभाळ बघत पडायचं, एवढाच उद्योग. तिसऱ्या दिवशी डबे मोजायचाही कंटाळा आला. इकडे सेशनल बुडाली, सबमिशन राहिलं. मित्रांचे फोन पहिला आठवडा रोज आले, मग एक दिवसाआड, मग रविवारी. त्यांची चूक नव्हती. पण मी मात्र आईवर उगाच चिडायला लागलो. पाण्याचा ग्लाससुद्धा मागून घ्यावा लागतो, हे मला सहन होत नव्हतं.

शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. ते एक दिवस पुस्तक घेऊन आले. मूळ कव्हर गेलेलं, वरून खाकी पुठ्ठ्याचं बाइंडिंग, पानं चहासारखी पिवळी. नाव 'वीरधवल', लेखक नाथमाधव. नाव वाचूनच मी ठरवलं की हे लहान पोरांचं काहीतरी असणार. गुरुजींना बरं म्हटलं आणि पुस्तक उशीखाली सारलं. दोन दिवसांनी दुपारी लाइट गेली, मोबाइलनेही मान टाकली, म्हणून नाइलाजाने उघडलं. संध्याकाळी आईने चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला. गोष्ट काय आहे ते इथे सांगत नाही, वाचणाऱ्याची मजा जाईल. जुन्या वळणाची लांब लांब वाक्यं आहेत, शब्द अडतात, पण राजपुत्र संकटात सापडला की आपण शब्दाशी थांबतच नाही, पुढे पळतो. 'वीरधवल' पहिल्यांदा छापून आली १९१३ साली. म्हणजे टॉल्किनच्या 'हॉबिट'च्या (१९३७) चोवीस वर्षं आधी!

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. मी म्हटलं, लेखक मोठा फिरलेला माणूस असणार. इतकी पळापळ, इतकी साहसं लिहायची म्हणजे घोड्यावर बसलेला, डोंगर चढलेला पाहिजे. गुरुजी जरा वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्या प्लास्टरकडे बघत म्हणाले की, ही कादंबरी लिहिली तेव्हा त्या माणसाला स्वतःच्या पायावर उभंही राहता येत नव्हतं.

मग मी त्यांच्याबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो.

नाथमाधव हे टोपणनाव. खरं नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. द्वारकानाथातला 'नाथ' घेतला, वडिलांचा 'माधव' जोडला, झाले नाथमाधव. जन्म मुंबईचा, ३ एप्रिल १८८२. फार मोठ्या पदव्या नाहीत. तरुणपणी त्यांनी नोकरी धरली ती कुठे, तर तोफांच्या कारखान्यात! आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. मराठीतली एवढी गाजलेली अद्भुत कादंबरी लिहिणारा माणूस सुरुवातीला लोखंडाच्याच दुनियेतला होता. सगळं सरळ चाललं असतं तर कदाचित त्याच नोकरीत त्यांचं आयुष्य गेलं असतं आणि आपल्याला त्यांचं नावही कळलं नसतं.

पण १९०५ साली ते शिकारीच्या निमित्ताने सिंहगडावर गेले आणि तिथल्या कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर लुळं पडलं ते कायमचंच. वय फक्त तेवीस वर्षं. आपल्या फायनल इयरच्या पोरांपेक्षा एक-दोन वर्षांनी मोठे, बस्स.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. तेवीसाव्या वर्षी काय काय डोक्यात असतं! नोकरी नुकती लागलेली, गड-किल्ले फिरायची हौस, अंगात रग. आणि एका क्षणात सगळं खाटेवर. माझे सहा आठवडे होते, कॅलेंडरवर मी रोज एक फुली मारत होतो. त्यांच्या कॅलेंडरला शेवटची तारीखच नव्हती. त्या काळात ना आजच्यासारखी ऑपरेशन्स, ना फिजिओथेरपी, ना बॅटरीवर चालणारी खुर्ची. पेनिसिलीनचासुद्धा शोध लागायचा होता. कमरेखाली संवेदना गेलेल्या माणसाला त्या काळी नुसतं जगणं हीच मोठी लढाई होती.

या माणसाने अंथरुणावर पडून वाचायला घेतलं. भरपूर वाचलं. आणि मग लिहायला घेतलं.

तेव्हा मराठी कादंबरीचं वयही फार नव्हतं, जेमतेम पन्नास वर्षं. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. त्यानंतर लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१), नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची एक लाटच आली होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेलं अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टींचं भाषांतर घराघरात वाचलं जायचं. पुढे हरि नारायण आपट्यांनी मराठी वाचकाला घरातलं वास्तव दाखवलं, विधवांची दुःखं दाखवली, आणि जाणकार मंडळी म्हणायला लागली की कादंबरी म्हणजे हीच. राजपुत्र आणि राक्षस मागे पडले. म्हणजे उशीखालचं पुस्तक आणि टेबलावरचं पुस्तक ही भानगड तेव्हापासूनची आहे, आपण काही नवीन नाही!

नाथमाधवांची पहिली कादंबरी 'प्रेमवेडा' १९०८ ची. अपघाताला अवघी तीन वर्षं झाली होती. लगेच पुढच्या वर्षी 'सावळ्या तांडेल'. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य खलाशी. विचार करा, ज्याला खाटेवरून खाली उतरायला दुसऱ्याचा हात लागत असेल, तो वाचकाला समुद्रावर घेऊन निघाला होता. मग १९१३ ला 'वीरधवल' आली आणि तिने वाचकांना वेड लावलं. 'सोनेरी टोळी' आली. गोविंद नारायण दातारशास्त्री यांची 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' आणि नाथमाधवांची 'वीरधवल' ही आपल्या पणजोबांच्या पिढीची हॅरी पॉटर म्हणा ना! गुरुजी सांगतात की त्यांच्या वडिलांनी ही कादंबरी चिमणीच्या उजेडात वाचली होती, आणि रॉकेल संपवलं म्हणून मारही खाल्ला होता.

पण नाथमाधव फक्त राजपुत्रांतच रमले असं नाही. 'डॉक्टर' ही त्यांची सामाजिक कादंबरी तीन भागांत, १९१८ ते १९२० मध्ये आली. त्यानंतर त्यांनी शिवकाळ हातात घेतला. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार' अशी एकामागून एक कादंबऱ्यांची मालिकाच लिहिली.

इथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. सिंहगड म्हणजे कोंढाणा. १६७० साली तानाजी मालुसरे रात्री ज्या गडाचा कडा चढून गेले तो. त्याच गडाच्या कड्याने या माणसाचे पाय घेतले. त्या गडाचं नावही ऐकू नये असं वाटलं असतं तर कुणी दोष दिला नसता. मी तर पाय मोडल्यापासून क्रिकेटची मॅच लागली की आईला टीव्ही बंद करायला लावत होतो. आणि हे गृहस्थ अंथरुणावर पडल्या पडल्या पुन्हा त्याच सह्याद्रीत, त्याच गडांच्या आणि त्याच मावळ्यांच्या मागे निघाले. त्यांच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही. पण त्यांनी सिंहगडाशी कट्टी घेतली नाही, एवढं त्या पुस्तकांवरून दिसतं.

२१ जून १९२८ रोजी नाथमाधव गेले. वय सेहेचाळीस. त्यातली तेवीस वर्षं चालत्या पायांची आणि तेवीस वर्षं अंथरुणाची. हिशोब अगदी सारखा! पण आज त्यांचं नाव घेतलं जातं ते दुसऱ्या तेवीस वर्षांमुळे.

ही गोष्ट वाचल्यावर मला टॉल्किन आठवला. तोही १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत होता. खंदकात उवांमुळे पसरणारा ताप त्याला झाला आणि त्याला घरी पाठवलं. त्या आजारपणात, इस्पितळात पडल्या पडल्या त्याने आपल्या अद्भुत दुनियेच्या पहिल्या कथा लिहायला घेतल्या. पुढे १९५४-५५ मध्ये जे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आलं, त्याची मुळं तिथे आहेत. एक मुंबईचा, एक इंग्लंडचा. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. पण दोघांचीही सुरुवात अंथरुणावरची.

आपल्याकडे अद्भुत पुस्तकं वाचणाऱ्याला लगेच म्हणतात की ही पळवाट आहे, अभ्यास टाळायचा धंदा आहे. खरं सांगायचं तर कधी कधी असतोही. व्हायव्हाच्या आदल्या रात्री मी स्वतः हॅरी पॉटर वाचत बसलेलो आहे आणि त्याची फळंही भोगली आहेत. तेव्हा त्याचा पुळका मी घेणार नाही. पण वाचून परत येता येतं की नाही, हे बघायला पाहिजे. मी 'वीरधवल' वाचून परत आलो तेव्हा खोली तीच होती, प्लास्टर तेच होतं, बुडालेली सेशनलही तीच. फक्त मी आईला हाक मारून म्हटलं, चहा गार झाला, चूक माझी आहे, पुन्हा करून देशील का? आई बघतच राहिली! पंधरा दिवसांत मी तिच्याशी असं सरळ बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून मित्राकडून नोट्सचे फोटो मागवले आणि राहिलेलं सबमिशन खाटेवरच लिहायला घेतलं. सगळं सुरळीत झालं असं नाही. एक विषय राहिलाच. पण पाय मोडला म्हणून राहिला, असं मी आता कुणाला सांगत नाही.

प्लास्टर निघालं. अजून पावसाळी हवेत घोटा ठणकतो, पण चालतो, जिनेही चढतो. जिना चढताना कधी कधी त्या तेवीस वर्षांच्या द्वारकानाथाची आठवण येते.

होस्टेलला परत निघालो तेव्हा पुस्तक परत द्यायला गेलो. गुरुजींनी घेतलं नाही. म्हणाले, ठेव, पण कपाटात ठेवू नको, फिरू दे. तेव्हा मित्रांनो, आणि या अंकापर्यंत पोचलेच असतील तर सरांनो आणि मॅडम, तुम्हालाही, 'वीरधवल' आता माझ्या टेबलावर आहे. उशीखाली नाही! ज्याला पाहिजे त्याने घेऊन जावं. पानं जपून उलटा, कोपरे दुमडू नका, आणि चहाचा कप त्यावर ठेवाल तर गाठ माझ्याशी आहे.

एकच अट. नेताना तुमच्या उशीखालचं पुस्तक कोणतं, ते खरं खरं सांगून जायचं.

– एक वाचक, तृतीय वर्ष (यांत्रिकी)