एक कम्प्युटर, अनेक माणसं आणि प्रत्येकाची चावी वेगळी! डेनिस रिचीनं हा गुंता कसा सोडवला?

५ ऑक्टोबर २०११ ला स्टीव्ह जॉब्स गेला आणि जगभर मेणबत्त्या पेटल्या. पुढच्याच आठवड्यात, १२ ऑक्टोबरला, न्यू जर्सीतल्या घरात ७० वर्षांचा डेनिस रिची मृतावस्थेत सापडला. एकटाच राहायचा. त्याची फारशी चर्चाही झाली नाही. आणि आयफोनच्या सिस्टिमची मुळं मात्र याच माणसाच्या युनिक्समध्ये आहेत.

रिचीचा जन्म १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्राँक्सव्हिलचा. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ. पोरगा हार्वर्डला फिजिक्स शिकला. पीएचडीचा प्रबंध लिहून तयार होता, पण बाइंडिंग केलेली प्रत जमाच केली नाही, आणि डिग्री राहिली ती राहिलीच. १९६७ मध्ये तोही बेल लॅब्समध्ये लागला.

तेव्हा कम्प्युटर म्हणजे कपाटाएवढं महागडं मशीन. एकाच मशीनवर अनेक जण काम करायचे. १९६९ मध्ये बेल लॅब्सनं मल्टिक्स नावाच्या मोठ्या प्रोजेक्टमधून अंग काढून घेतलं, तेव्हा केन थॉम्पसन आणि रिचीनं स्वतःची छोटी सिस्टिम उभी केली, ती युनिक्स. पुढं रिचीनं सी भाषा बनवली. तिच्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून आपण त्याच्या दुसऱ्या आयडियाकडे जाऊ.

युनिक्समध्ये फाइलच्या परवानग्या तीन वाट्यांत असतात : मालक, ग्रुप आणि बाकीचे. सुरुवातीच्या काळात माणूस एका वेळी एकाच ग्रुपचा असायचा. समजा तुम्ही अकाउंट्सच्या ग्रुपमध्ये आहात आणि पेटंट विभागाच्या ग्रुपची फाइल हवीय. मग युजर तुम्हीच, फक्त ग्रुपची टोपी बदलायची. त्यासाठी 'न्यूग्रुप' ही कमांड आली.

पण घोळ असा, की ग्रुप बदलायचा अधिकार फक्त 'रूट'ला, म्हणजे सिस्टिमच्या सर्वेसर्वा युजरला. दरवेळी अ‍ॅडमिनला हाक मारायची? की सगळ्यांना रूटचा पासवर्ड वाटायचा? मग पगाराची फाइलही कुणीही उघडेल.

रिचीचा तोडगा साधा होता. जादा अधिकार माणसाला द्यायचा नाही, प्रोग्रामला द्यायचा. प्रोग्रामच्या फाइलवर एक खूण करायची, तिचं नाव सेटयूआयडी. मग तो प्रोग्राम कुणीही चालवला, तरी चालतो मालकाच्या अधिकारानं. न्यूग्रुप रूटच्या ताकदीनं सुरू होतो, यादीत तुमचं नाव बघतो, ग्रुप बदलतो आणि ताकद सोडून तुमच्या हाती नवं शेल देतो. तिजोरीची किल्ली कॅशिअरकडे, तुमच्यासमोर फक्त खिडकी.

यात धोकाही आहेच. अशा प्रोग्राममध्ये चूक राहिली, तर किल्ली थेट चोराच्या हातात. याच खुणेवर चालणाऱ्या 'सुडो'मध्ये जवळपास दहा वर्षं लपलेली अशी एक चूक २०२१ मध्ये उघड झाली.

या कल्पनेचं पेटंट रिचीच्या नावानं १९७९ मध्ये मंजूर झालं. पुढं ते सगळ्यांसाठी खुलं केलं गेलं. माझ्या मते सी भाषेइतकीच ही गोष्ट मोठी आहे, कारण लिनक्सवाल्यांना ही सोय फुकट वापरता आली.

१९८३ मध्ये रिची आणि थॉम्पसनला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी बर्कलीच्या युनिक्समध्ये एका माणसाला एकाच वेळी अनेक ग्रुपांत राहायची सोय झाली आणि न्यूग्रुपची गरज कमी झाली. संपली मात्र नाही. स्वतःला डॉकरच्या ग्रुपमध्ये टाकल्यावर लॉगआउटचा कंटाळा येणारे डेव्हलपर आजही तीच कमांड मारतात. लिनक्सवर न्यूग्रुपच्या फाइलच्या परवानग्या बघा, मालकाच्या वाट्यात 'एक्स'च्या जागी 'एस' दिसेल. तीच रिचीची खूण.