पंडिता रमाबाईंचे बायबल-भाषांतर : एक चरित्रात्मक टिपण

इ.स. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलच्या राजमान्य भाषांतराला २०११ साली चारशे वर्षे पूर्ण झाली. इंग्रजी भाषक जगातील चर्चमंडळींनी तो सोहळा वाचने, प्रदर्शने आणि उपासना यांनी साजरा केला. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांनीही त्यात भाग घेतला, कारण या भाषांतराने इंग्रजी गद्याला वळण दिले हे मत तिकडे सर्वमान्य आहे. आपल्या महाविद्यालयांतील इंग्रजीचा प्राध्यापक हे भाषांतर साहित्येतिहासाचा भाग म्हणून शिकवतो. त्याच्या शेजारच्या खोलीत मराठी शिकवणारे आपण मात्र मराठी बायबलचा विषय मुद्रणकलेच्या प्रारंभाशी जोडून दोन वाक्यांत संपवतो. या उपेक्षेत सर्वांत मोठा अन्याय कोणावर झाला असेल, तर तो पंडिता रमाबाईंवर. समाजसुधारक म्हणून त्यांचे चरित्र विपुल लिहिले गेले. परंतु त्यांच्या आयुष्याची शेवटची पंधराएक वर्षे ज्या कामात गेली, ते चरित्रग्रंथांच्या अखेरच्या पानांत उरकले जाते. हे काम म्हणजे त्यांच्या चरित्राची पुरवणी नसून त्याचा गाभा आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. धर्मग्रंथाची भाषा कोणाची, हा प्रश्न रमाबाईंच्या जन्माआधीच त्यांच्या घरात शिरला होता.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्यार्थिदशेत पुण्यात होते. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे पेशव्यांच्या वाड्यात राजस्त्रीला संस्कृत शिकवीत. ते पाहून आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावी असे शास्त्रीबुवांच्या मनाने घेतले. पुढे प्रौढ वयात गोदावरीकाठी एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. ही लक्ष्मीबाई म्हणजे रमाबाईंची आई. स्त्रीला देवभाषा शिकविल्याबद्दल शास्त्रीबुवांना जातिबांधवांचा रोष पत्करावा लागला, पंडितांपुढे शास्त्राधार मांडावे लागले आणि अखेर पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात संसार थाटावा लागला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. त्यांना संस्कृत शिकविले ते आईने, पहाटेच्या वेळी, तोंडी. एका स्त्रीकडून दुसऱ्या स्त्रीकडे संस्कृत विद्या जाण्याचे असे उदाहरण त्या काळात विरळाच.

यानंतर आली ती भ्रमंती. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरले. श्रोत्यांना अर्थ कळला नाही तरी संस्कृत श्लोकांच्या श्रवणाने पुण्य लाभते, या श्रद्धेवर या कुटुंबाची उपजीविका चालली होती. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील काही आठवड्यांच्या अंतराने गेले. मागे राहिलेली रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदे दिली.

कलकत्त्यातील दोन भेटी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेद दिला. ज्या ग्रंथाचा स्त्रीला अधिकार नाही असे त्या मानीत आल्या होत्या, तो त्यांना ब्राह्मसमाजाच्या नेत्याकडून मिळाला. दुसरी भेट ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यातली. तेथे बहीणभावंडांना संस्कृत बायबलची प्रत मिळाली. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या या मुलीला त्या ग्रंथातील संस्कृत परके वाटले आणि त्यातून काही हाती लागले नाही, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदविले आहे. म्हणजे बायबलशी त्यांची पहिली गाठ पडली ती एका अनाकलनीय भाषांतराच्या रूपाने. या घटनेकडे चरित्रकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

१८८० मध्ये श्रीनिवासचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चर येथील पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतील लूकचे शुभवर्तमान सापडले. ते बंगालीत असल्याने त्यांना सहज वाचता आले आणि वाचनाची गोडी लागली. पतीला मात्र ते रुचले नाही. मुलगी मनोरमा १८८१ मध्ये जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीती’चे प्रकाशन आणि हंटर आयोगापुढची साक्ष या तिन्ही गोष्टी १८८२ या एकाच वर्षातल्या. ती साक्ष त्यांनी मराठीतून दिली होती. मिस हर्फर्ड या इंग्रज शिक्षिकेकडे इंग्रजी शिकताना मराठी नव्या कराराचे वाचनही सुरू झाले. संस्कृत, बंगाली, मराठी अशा क्रमाने एकच ग्रंथ त्यांच्या समोर येत गेला.

इंग्लंडमधील वास्तव्य (१८८३-८६) सर्वपरिचित आहे. वॉण्टेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यात निळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा वाटा होता, तसाच फुलहॅम येथील पतित स्त्रियांच्या आश्रमात ऐकलेल्या शमरोनी स्त्रीच्या कथेचाही. पण धर्मांतर केले म्हणून त्यांनी नवे पौरोहित्य मुकाट्याने मान्य केले नाही. क्रुसावरील लॅटिन अक्षरांवरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार मुळातून वाचण्याजोगा आहे. आपल्या जुन्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक काय आहे, आणि ब्राह्मणांना संस्कृतबद्दल वाटते तेच तुम्हांला लॅटिनबद्दल वाटते काय, असा त्यांचा सवाल होता. देवभाषेचे माहात्म्य ज्यांनी आतून अनुभवले होते, त्यांनाच हे सुचू शकते. इंग्लंडात इंग्रजी बायबलच्या संशोधित आवृत्तीतील जुना करार १८८५ मध्ये बाहेर पडला, तेव्हा रमाबाई चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात होत्या. राजमान्य ग्रंथही सुधारता येतो, याची चर्चा तेथे ऐन भरात होती.

अमेरिकेचा प्रवास, १८८७ चे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील इंग्रजी पुस्तक, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदासदन, त्याचे पुण्यास स्थलांतर आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेणे, हा इतिहास येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. फक्त १८८९ च्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथाचे गद्य आधीच्या ‘स्त्रीधर्मनीती’शी ताडून पाहावे. सात वर्षांत संस्कृतचा भार उतरून मराठी वाक्य किती मोकळे झाले, हे त्यावरून लक्षात येते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार स्त्रियांना घेऊन केडगावला आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी स्त्रिया आल्या आणि मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शारदासदनात प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवा होत्या. केडगावात नाना जातींच्या, बहुतांशी निरक्षर, खेड्यांतल्या स्त्रिया होत्या. या फरकाचा परिणाम भाषेवर झाला. त्या वेळचे मराठी बायबल त्यांच्यापुढे वाचले, तर कलकत्त्यात संस्कृत बायबल हाती घेतलेल्या रमाबाईंची जी अवस्था झाली होती, तीच या स्त्रियांची होत असे.

मराठी बायबलची परंपरा तोवर शंभर वर्षांची झाली होती. श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेला नवा करार १८११ मध्ये निघाला. अमेरिकन मिशनच्या पुढाकाराने १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मुंबईत छापले गेले. त्यानंतर संशोधने होत राहिली. ही भाषांतरे मंडळांची होती. परदेशी विद्वान अर्थ ठरवीत आणि एतद्देशीय पंडित भाषा घडवीत. पंडिताची भाषा स्वाभाविकपणेच संस्कृतकडे झुकणारी. रमाबाईंचा आक्षेप दुहेरी होता. एक, ही शब्दकळा सामान्य स्त्रीला दुर्बोध आहे. दोन, तीतील अनेक शब्दांना पौराणिक आणि वेदान्ती अर्थ चिकटलेले आहेत, त्यामुळे वाचणारी स्त्री जुन्याच कल्पना नव्या ग्रंथात वाचते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, वयाच्या पंचेचाळिशीनंतर, त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून मुळावरून स्वतंत्र भाषांतरास हात घातला.

१६११ च्या इंग्रजी भाषांतरामागे राजाज्ञा होती आणि पन्नासच्या आसपास विद्वान होते. केडगावात एकच बाई होती. तिच्यावर आश्रमाच्या शेतीपासून शाळेपर्यंत सगळा कारभार होता, आणि वय वाढत होते तसतसे ऐकू येणेही कमी होत गेले होते. खिळे जुळविणे, छपाई आणि बांधणी ही कामे मुक्तिसदनातील मुलींनी आश्रमाच्याच छापखान्यात शिकून केली. नाशिक रोडसारख्या, सरकारी मुद्रणालयांच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या गावात राहिल्यामुळे असेल, पण मला या चरित्रात ही बाब फार मोलाची वाटते. दुष्काळात भाकरीला महाग झालेली मुलगी काही वर्षांत शास्त्रग्रंथाचे खिळे जुळवू लागते. मुद्रणाच्या मराठी इतिहासात तिची नोंद हवी होती.

बायबलचे संपूर्ण भाषांतर करणाऱ्या जगातील पहिल्या स्त्री, असा रमाबाईंचा गौरव कधीकधी केला जातो. तो खरा नाही. अमेरिकेतील ज्युलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. रमाबाईंचे वेगळेपण त्या मानात नाही. ज्या भाषेत हजारो वर्षे शास्त्राधिकार नांदला, त्या भाषेच्या एका अधिकारी पंडितेने तिचा अधिकार बुद्धिपुरस्सर नाकारला, हे ते वेगळेपण आहे.

मात्र या भाषांतराची मर्यादाही सांगितली पाहिजे. मूळ शब्दाशी इमान राखण्याच्या आग्रहापायी त्यांचे मराठी वाक्य काही ठिकाणी अवघडते. त्याहून गंभीर मुद्दा दुसरा आहे. हिंदू संस्कारांचे शब्द टाळताना त्यांनी ओवी-अभंगांतून खेड्यातल्या बाईच्या जिभेवर रुळलेली भाषाही काहीशी दूर सारली. ही भाषा संस्कृत पंडितांची नव्हती, तिचीच होती. त्याच काळात नारायण वामन टिळक नेमके उलट्या वाटेने चालले होते. ख्रिस्ती भावाला त्यांनी अभंगाचे रूप दिले आणि तुकोबांच्या आधाराने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे मानले. त्यांची भजने आजही चर्चमध्ये गाइली जातात. रमाबाईंचे भाषांतर मराठी चर्चच्या व्यासपीठावर फारसे पोचले नाही. तेथे बायबल सोसायटीचाच पाठ राहिला. टिळकांनी भाषेवर विश्वास टाकला, रमाबाईंनी तिची झडती घेतली, असा हा भेद आहे. पुराणिकाच्या पोटी जन्मून त्या भाषेच्या बळावर दुष्काळात आईबाप गमावलेल्या स्त्रीकडून वेगळे काय होणार होते, असेही वाटल्यावाचून राहत नाही.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. नवा करार आधी छापून झाला होता. जुन्या कराराचे काम रेंगाळत होते. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. संस्थेचा भार जिच्यावर सोपवायचा ती मुलगी आईआधी गेल्यावरही मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. शेवटचे मुद्रित पुरे होईपर्यंत त्यांनी देवाकडे मोजके दिवस मागून घेतले आणि काम संपताच प्राण सोडला, अशी कथा भाविक चरित्रांतून सांगितली जाते. तिच्यातील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी भाषांतर आणि आयुष्य जवळजवळ एकदमच संपले ही गोष्ट खरी आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल त्यानंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.