पाताळगंगेच्या कारखान्यामागचा माणूस : डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद

खालापूर तालुक्यातल्या पाताळगंगा एमआयडीसीत सिप्ला कंपनीचा औषध कारखाना आहे. खोपोली, चौक, कर्जतच्या घरांना हे नाव ओळखीचं आहे. पण ही कंपनी कुणी उभी केली, असं विचारलं तर आपल्यातलेही बरेच जण गप्प बसतात.

डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1898 रोजी अलीगढला झाला. तरुणपणी ते असहकार चळवळीकडे ओढले गेले. 1920 साली स्थापन झालेल्या जामिया मिलियात त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं. डॉ. झाकीर हुसेन हे त्यांचे तिथले साथी. पुढे ते बर्लिनला गेले, कारण तेव्हा रसायनशास्त्रात जर्मनी सगळ्यांच्या पुढे होता. डॉक्टरेट तिथेच मिळवली आणि लिथुआनियातल्या ज्यू घराण्यातल्या लुबा यांच्याशी विवाहही तिथेच केला.

हातात अशी डिग्री असताना आरामाची नोकरी सहज मिळाली असती. हमीदसाहेबांनी मात्र 1935 साली मुंबईत कंपनी काढली. 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' हे तिचं मूळ नाव, त्याचंच पुढे सिप्ला झालं. त्या काळी औषधं मोठ्या प्रमाणावर परदेशातून यायची, दामही तेच ठरवायचे. 1937 मध्ये सिप्लाची औषधं बाजारात आली. 1939 साली गांधीजी स्वतः कारखाना बघायला आले. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारी औषधं अडकली, तेव्हा देशी कारखाना असण्याची किंमत सगळ्यांना कळली.

फाळणी झाली तेव्हा अनेक मोठी माणसं पाकिस्तानात गेली. हमीदसाहेब इथेच राहिले. देशातल्या वैज्ञानिक संशोधनासाठी उभ्या राहिलेल्या सीएसआयआर या संस्थेच्या घडणीतही त्यांचा वाटा होता. 23 जून 1972 रोजी त्यांचं निधन झालं. पाताळगंगेचा कारखाना त्यानंतर, 1980च्या दशकात सुरू झाला. तो त्यांना बघायला मिळाला नाही.

त्यांच्या हयातीतून आपल्या भागाने काय घ्यायचं? कुठल्याही एमआयडीसीच्या आसपास एक तक्रार ऐकू येते : जमीन आमची, कारखाने इथे, पण परमनंट नोकरी बाहेरच्याला, आमच्या पोरांना ठेकेदाराकडची हजेरी. तक्रार खोटी नाही, तिच्यासाठी भांडलंच पाहिजे. पण औषध कारखान्यात केमिस्ट लागतो, प्लांट ऑपरेटर लागतो, बॉयलर सांभाळणारा लागतो, आणि या जागा शिकलेल्यालाच मिळतात. बी.एस्सी. केमिस्ट्री किंवा आयटीआयचा केमिकल प्लांट ऑपरेटरचा कोर्स केलेला मुलगा किंवा मुलगी गेटवर वेगळ्या रांगेत उभी राहते.

हमीदसाहेबांनी इल्म घेतला आणि त्यातून हजारोंची रोजी उभी केली. दहावीचा निकाल हातात आला की घरात बसून एवढा विचार जरूर करा.