बुडालेल्या कारागिरांची बाजू मांडणारे न्यायमूर्ती

पुणे - सातासमुद्रापलीकडे तयार झालेला स्वस्त माल बाजारात आला आणि येथील कारागिराचा रोजगार बुडाला, तर त्याला सावरण्याची जबाबदारी कोणाची? जागतिकीकरणाच्या काळात पुन्हा पुन्हा विचारला जाणारा हा प्रश्न पुण्यात एकोणिसाव्या शतकातच मांडला गेला होता. तो मांडणारे न्या. महादेव गोविंद रानडे हे स्वतः ब्रिटिश सरकारचे नोकर होते, हे विशेष.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण कोल्हापुरात गेले. उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांची गणना होते. १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून त्यांची पुण्यात नियुक्ती झाली आणि ज्या नगराने त्यांना घडविले व ज्याला त्यांनी घडविले, त्या पुण्याशी त्यांचे नाते जुळले.

गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे रानडे हे वैचारिक आधारस्तंभ ठरले. १८७२-७३ मध्ये त्यांनी पुण्यात देशी व्यापारावर व्याख्याने दिली. त्यातून प्रेरणा घेऊन सार्वजनिक काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते खादीच्या वेषात उपस्थित राहिले.

मात्र, केवळ व्रताने विणकराचा माग पुन्हा सुरू होणार नाही, हे रानडे जाणून होते. मँचेस्टरच्या गिरण्यांचे कापड येऊ लागल्यावर विणकर, रंगारी, सूत कातणाऱ्या स्त्रिया असे अनेक व्यवसाय मोडकळीस आले. काम गेलेली माणसे शेतीकडे वळली. आधीच कर्जबाजारी असलेल्या शेतीवर हा भार पडला आणि पाऊस चुकताच दुष्काळाचा पहिला घाव याच वर्गावर बसू लागला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनने हे अनुभवले. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगानेही १८८० मध्ये, बहुसंख्य जनता केवळ शेतीवर अवलंबून असणे हे संकटाचे मोठे कारण असल्याचे नमूद केले. तरीही लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या आग्रहापुढे नमून सरकारने १८८२ मध्ये परदेशी कापडावरील आयात कर पूर्णपणे उठविला.

संशयाच्या छायेत

रानडे यांना आपल्या सार्वजनिक कार्याची किंमत मोजावी लागली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या काळात सरकारची त्यांच्यावर वक्रदृष्टी झाली. १८७९ मध्ये त्यांना धुळ्याला पाठविण्यात आले आणि त्यांच्या पत्रव्यवहारावर नजर ठेवण्यात आली. संशय फिटल्यावर ते पुन्हा पुण्याकडे आले. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी १८७९ मध्ये झालेल्या कर्जनिवारण कायद्याच्या अंमलबजावणीचे काम पुढे त्यांच्याकडे आले. त्या निमित्ताने गावोगाव फिरताना ग्रामीण दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले.

१८९० मध्ये पुण्यात पहिली औद्योगिक परिषद भरली. तीत रानडे यांनी डच सरकारच्या जावा बेटातील कारभारावर निबंध वाचला. तेथे सरकार खासगी कारखानदारांना भांडवल आगाऊ देत असे आणि त्यांचा माल ठरलेल्या दराने घेत असे. या पद्धतीत जावातील शेतकऱ्यांवर झालेल्या सक्तीवर युरोपातही टीका झाली होती. रानडे यांचे लक्ष मात्र भांडवल पुरविण्याच्या तंत्रावर होते. टपाल खात्याच्या बचत बँकेत साठणारा जनतेचा पैसा उद्योगांना अल्प व्याजाने मिळावा, सरकारने आपल्याला लागणारा माल येथेच खरेदी करावा, तंत्रशिक्षण द्यावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. रेल्वे कंपन्यांना व्याजाची हमी देणारे सरकार देशी उद्योगांच्या बाबतीतच तटस्थतेचे तत्त्व का पुढे करते, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

भिक्षा नव्हे, आधार

डेक्कन कॉलेजातील १८९२ च्या व्याख्यानात त्यांनी या मागण्यांना शास्त्रीय बैठक दिली. इंग्लंडला मानवणारा खुला व्यापाराचा सिद्धांत प्रत्येक देशाला लागू पडत नाही, हे त्यांनी जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश लिस्ट यांच्या विचारांच्या आधारे दाखविले. कारागिराचे काम सरकारी धोरणामुळे गेले असेल, तर सरकारची मदत हे दान नसून कर्तव्य ठरते, असा या भूमिकेचा मथितार्थ होता.

त्यांच्या विचाराला मर्यादाही होत्या. यंत्रोद्योग वाढला की बेकार हातांना काम मिळेल, यावर त्यांचा भरवसा होता. परंतु गिरणी उभी राहीपर्यंत वृद्ध विणकराने कसे जगावे, याचे समाधानकारक उत्तर त्यात सापडत नाही. मॉरिशस, त्रिनिदादसारख्या वसाहतींत मजुरीसाठी होणाऱ्या स्थलांतराकडेही ते काहीशा आशेनेच पाहत.

सरकारने त्यांचे फारसे ऐकले नाही. उलट १८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसला. तोपर्यंत, म्हणजे १८९३ मध्येच, रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले होते. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आयातीमुळे काम गमावलेल्या कामगारांना भत्ता व प्रशिक्षण देण्याची योजना अमेरिकेने १९६२ मध्ये कायद्याने आणली. २०२२ मध्ये त्या योजनेची मुदत संपली आणि नव्या कामगारांसाठी तिचे दार बंद झाले. रानडे यांनी उपस्थित केलेला प्रश्न श्रीमंत देशांनाही कायमचा सोडविता आलेला नाही, हेच त्यातून दिसते. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ती वास्तू उभी राहिली, त्या न्यायमूर्तींनी माग थांबलेल्या विणकराचीही कैफियत मांडली होती, याचे स्मरण मात्र फारसे उरलेले नाही.