केंटकी डर्बीचा विस्मृत नायक

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात दर वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला केंटकी डर्बी ही अश्वशर्यत रंगते. तीन वर्षे वयाच्या निवडक घोड्यांची ही शर्यत जेमतेम दोन मिनिटांत आटोपते; पण त्या दोन मिनिटांसाठी लाखाहून अधिक शौकीन चर्चिल डाऊन्सच्या मैदानावर लोटतात. १८७५ पासून एकाही वर्षाचा खंड न पडलेल्या या शर्यतीने अनेक नामांकित जॉकी पाहिले. त्यांत तीन वेळा डर्बी जिंकण्याचा मान सर्वप्रथम मिळवला तो आयझॅक मर्फी या कृष्णवर्णीय स्वाराने. हयातीत त्याचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकत होते. मृत्यूनंतर सत्तर वर्षे उलटली, तेव्हा त्याची कबर नेमकी कुठे आहे हे सांगू शकणारी माणसेही शोधावी लागली. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या वाट्याला हे विस्मरण का यावे, याचे उत्तर त्याच्या चरित्रात आणि त्याच्या काळात दडलेले आहे.

मर्फीचा जन्म १८६१ साली केंटकीत, एका गुलाम मातेच्या पोटी झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्धाला तोंड फुटले. त्याचे वडील उत्तरेच्या सैन्यातील कृष्णवर्णीयांच्या तुकडीत दाखल झाले आणि कॅम्प नेल्सन येथील लष्करी तळावर त्यांचे निधन झाले. मुलाला बापाचा सहवास असा लाभलाच नाही. गुलामगिरी संपल्यावर आई मुलाला घेऊन लेक्झिंग्टन शहरात आपल्या वडिलांच्या, ग्रीन मर्फी यांच्या आश्रयाला आली आणि लोकांचे कपडे धुऊन संसार चालवू लागली. ती ज्यांच्याकडे काम करी, त्यांच्या मालकीचा शर्यतीच्या घोड्यांचा तबेला होता. अंगाने किरकोळ, वजनाने हलका असलेला हा मुलगा तेथे रुळला. एली जॉर्डन या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाने त्याला घडवले. घोड्याला फिरवणे, त्याची मालिश करणे, पहाटेच्या सरावात त्याचा वेग मनोमन मोजणे, हे सारे शिक्षण त्याला तबेल्यातच मिळाले.

केंटकीच्या तबेल्यांत कृष्णवर्णीय मुलाने असे घडणे त्या काळी मुळीच नवलाचे नव्हते. गुलामगिरीच्या काळापासून दक्षिणेतील जमीनदारांचे घोडे सांभाळण्याचे, त्यांना शर्यतीसाठी तयार करण्याचे आणि शर्यतीत पळवण्याचे काम गुलामांकडेच होते. गुलामगिरी गेली, तरी ही विद्या त्यांच्याच हाती राहिली. १७ मे १८७५ रोजी पहिली केंटकी डर्बी झाली, तेव्हा पंधरापैकी तेरा जॉकी कृष्णवर्णीय होते. विजेत्या ॲरिस्टाइडिसचा स्वार ऑलिव्हर लुईस आणि त्याचा प्रशिक्षक अॅन्सेल विल्यमसन हे दोघेही कृष्णवर्णीयच. पहिल्या २८ डर्बींपैकी १५ कृष्णवर्णीय स्वारांनी जिंकल्या. बेसबॉल किंवा बास्केटबॉलच्या कितीतरी आधी अमेरिकेतील या समाजाने ज्या खेळावर निर्विवाद सत्ता गाजवली, तो खेळ होता घोड्यांच्या शर्यतीचा.

पहिली डर्बी झाली त्याच वर्षी आयझॅकही स्वार म्हणून मैदानात उतरला. तोवर तो वडिलांचे बर्न्स हे आडनाव लावत असे. पुढे आईच्या वडिलांच्या स्मरणार्थ त्याने मर्फी हे नाव धारण केले आणि याच नावाने तो अजरामर झाला. १८७७ मध्ये तो पहिल्यांदा केंटकी डर्बीत उतरला. १८७९ मध्ये फॉल्सेटो या घोड्यावर त्याने डर्बीत दुसरे स्थान मिळवले आणि त्याच घोड्यावर त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील सॅरटोगा येथील मानाची ट्रॅव्हर्स शर्यत जिंकली. अठरा वर्षांच्या या तरुणाकडे आता केंटकीबाहेरच्या घोडेमालकांचेही लक्ष गेले.

मर्फीची शैली त्या काळच्या धसमुसळ्या स्वारांहून अगदी निराळी होती. ताठ आणि शांत बसून तो घोड्याला आपल्या लयीत धावू देई. चाबूक तो क्वचितच उगारत असे. लगामावरच्या हलक्या हातांनी तो घोड्याला आपले मनोगत कळवी. वेगाचा त्याचा अंदाज विलक्षण अचूक होता. कोणत्या टप्प्यावर घोड्याची ताकद राखायची आणि कोणत्या टप्प्यावर ती पणाला लावायची, याचे गणित तो धावत्या घोड्यावर मांडत असे. त्यामुळे त्याचे अनेक विजय निसटत्या फरकाचे दिसत. त्याला मात्र तेवढाच फरक हवा असे. घोड्याला गरजेपेक्षा अधिक दमवणे त्याला मान्य नव्हते. सट्टेबाजांचा आणि शर्यती विकणाऱ्यांचा त्या काळी सुळसुळाट होता. अशा वातावरणात मर्फीच्या सचोटीवर मालक आणि शौकीन दोघांचाही विश्वास होता. ही पुण्याई त्याच्या विजयांइतकीच मोलाची होती.

१८८४ हे वर्ष त्याच्या भाग्योदयाचे ठरले. त्या वर्षीच्या डर्बीसाठी त्याला ब्यूकॅनन हा घोडा मिळाला होता. हा घोडा आधी एकदा त्याला घेऊन उधळला होता, त्यामुळे मर्फी त्यावर बसायला नाखूष होता. अखेर पंचांनी निलंबनाचा धाक घातला तेव्हा तो तयार झाला. तोवर एकही शर्यत न जिंकलेल्या ब्यूकॅननने मर्फीच्या हाताखाली डर्बी जिंकली! त्याच वर्षी मर्फीने केंटकी ओक्स आणि क्लार्क या लुईव्हिलच्या आणखी दोन प्रतिष्ठेच्या शर्यतीही जिंकल्या. शिकागोत त्याच वर्षी सुरू झालेल्या अमेरिकन डर्बीत तर त्याने पहिल्या पाचपैकी चार वेळा बाजी मारली. त्यांतील तीन विजय कॅलिफोर्नियातील धनाढ्य घोडेमालक एलियास बाल्डविन यांच्या घोड्यांवरचे होते. देशातील सर्वाधिक मेहनताना घेणाऱ्या खेळाडूंत त्याची गणना होऊ लागली. १८८३ मध्ये लूसी कार हिच्याशी त्याचा विवाह झाला होता. लेक्झिंग्टनच्या ईस्ट थर्ड स्ट्रीटवर या दांपत्याने प्रशस्त घर घेतले. धुणे धुणाऱ्या बाईच्या मुलाने अवघ्या काही वर्षांत गाठलेली ही मजल होती.

त्याच्या कीर्तीचा कळस ठरली ती मात्र डर्बी नव्हे. २५ जून १८९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडच्या शीप्सहेड बे मैदानावर फक्त दोन घोड्यांची शर्यत लागली. एक जेम्स हॅगिन यांचा सॅल्व्हेटर आणि दुसरा डेव्हिड पल्सिफर यांचा टेनी. आदल्याच आठवड्यात सबर्बन हँडिकॅप शर्यतीत सॅल्व्हेटरने टेनीला मागे टाकले होते. तो निकाल टेनीच्या मालकाला मान्य नव्हता, म्हणून हे आव्हान. सॅल्व्हेटरवर मर्फी आणि टेनीवर एड गॅरिसन. शेवटच्या क्षणी मुसंडी मारून शर्यत हिसकावणारा म्हणून गॅरिसन विख्यात होता. एक कृष्णवर्णीय, दुसरा श्वेतवर्णीय. त्यामुळे प्रेक्षकांत केवळ घोड्यांवरच पैजा लागल्या होत्या असे नव्हे. सव्वा मैलाच्या या शर्यतीत मर्फीने सॅल्व्हेटरला आघाडीवर ठेवले. अखेरच्या टप्प्यात गॅरिसनने चाबकाचा मारा करत टेनीला पुढे काढले. दोन्ही घोडे जवळजवळ बरोबरीत आले, मर्फी मात्र तसाच निश्चल बसून होता. वेळ नोंदली गेली २ मिनिटे ५ सेकंद, आणि विजय सॅल्व्हेटरचा, केवळ डोक्याच्या अंतराने. छायाचित्रकार जॉन हेमेंट याने टिपलेले त्या क्षणाचे छायाचित्र शर्यतीच्या समाप्तीच्या अगदी आरंभीच्या छायाचित्रांपैकी एक मानले जाते. एला व्हीलर विलकॉक्स या लोकप्रिय कवयित्रीने या विजयावर स्वाराच्या तोंडून सांगितलेली कविताही लिहिली. ज्यांनी ती शर्यत पाहिली, ते तिच्याविषयी आयुष्यभर बोलत राहिले.

या शर्यतीला पुरते दोन महिने होतात न होतात तोच, २६ ऑगस्ट १८९० रोजी न्यू जर्सीतील मॉनमथ पार्कवर विपरीत घडले. त्याच हॅगिन यांच्या फिरेंझी या घोडीवर मर्फी बसला होता. घोडी सर्वांच्या मागे राहिली, मर्फीला खोगिरावर तोल सावरता येईना आणि शर्यतीनंतर तो खाली कोसळला. पंचांनी त्याला निलंबित केले. वृत्तपत्रांनी तो मद्यधुंद होता असे जाहीर करून टाकले. ज्या स्तंभांतून जूनमध्ये त्याच्या स्तुतीचे पूर आले होते, त्याच स्तंभांतून आता त्याची निर्भर्त्सना सुरू झाली. त्याच्यावर विषप्रयोग झाला असावा, असे मानणारेही होते. आणखी एक शक्यता मात्र शर्यतीच्या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक होती. हिवाळ्यात जॉकीचे वजन वाढे आणि हंगाम सुरू होताच ते झपाट्याने उतरवावे लागे. त्यासाठी उपासमार, जुलाब, जाड कपडे घालून मैलोन्मैल चालणे आणि अन्नाऐवजी शॅम्पेनचे घोट असे अघोरी उपाय सर्रास केले जात. मर्फीही या चक्रातून सुटला नव्हता. अशा पोखरलेल्या शरीराला भर उन्हाळ्यातील शर्यत पेलवली नाही, हे सहज संभवते. पण एकदा छापून आलेला कलंक पुसणे सोपे नसते.

त्याच १८९० च्या मे महिन्यात त्याने रायली या घोड्यावर दुसरी केंटकी डर्बी जिंकली होती. मॉनमथच्या बदनामीनंतर तो संपला असे मानणाऱ्यांना त्याने १८९१ मध्ये उत्तर दिले. त्या वर्षी डर्बीत चारच घोडे होते. आघाडी कोणीही घेऊ नये, अशा सूचना सर्वच स्वारांना होत्या. परिणामी ही शर्यत इतकी संथ झाली की दीड मैलाला २ मिनिटे ५२ सेकंदांहून अधिक वेळ लागला. या वाट पाहण्याच्या खेळात मर्फीशी कोण टिकणार? किंगमनवर बसून त्याने तिसरी डर्बी खिशात घातली. किंगमनचा प्रशिक्षक आणि सहमालक डडली अॅलन हाही कृष्णवर्णीय होता. सलग दोन डर्बी जिंकणारा मर्फी हा पहिलाच जॉकी. त्याच्या तीन विजयांची बरोबरी व्हायला १९३० साल उजाडावे लागले, ती अर्ल सँडने केली. आणि एडी आर्कारोने चौथी डर्बी जिंकून हा विक्रम मोडला तो १९४८ मध्ये.

यानंतर मर्फीच्या कारकिर्दीला उतार लागला. वजन हटेना, चांगले घोडे मिळेनात. १८९५ हा त्याचा अखेरचा हंगाम ठरला. १२ फेब्रुवारी १८९६ रोजी लेक्झिंग्टनमध्ये न्यूमोनियाने त्याचे निधन झाले. वय अवघे पस्तीस. अंत्ययात्रेला शेकडो माणसे लोटली होती. ईस्ट सेव्हन्थ स्ट्रीटवरील कृष्णवर्णीयांच्या स्मशानभूमीत त्याचे दफन झाले.

तो गेला त्याच वर्षी ६ मे रोजी विली सिम्स या कृष्णवर्णीय स्वाराने केंटकी डर्बी जिंकली. पुढच्या बाराच दिवसांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेदाला मान्यता देणारा कुप्रसिद्ध निकाल दिला. कायद्याचे हे वारे मैदानावरही वाहू लागले. शर्यतीत पैसा वाढला तसे श्वेतवर्णीय स्वार कृष्णवर्णीयांना कुंपणाकडे दाबू लागले, त्यांच्या घोड्यांची वाट अडवू लागले. मालकांनी त्यांना घोडे देणे बंद केले. जिमी विंकफील्डने १९०१ आणि १९०२ च्या डर्बी जिंकल्या आणि पुढे नशीब काढण्यासाठी रशियाची वाट धरली. त्याच्यानंतर एकाही आफ्रिकन-अमेरिकन स्वाराला डर्बी जिंकता आलेली नाही. १९२१ नंतर तर थेट २००० पर्यंत त्यांच्यापैकी कोणी या शर्यतीत उतरलेसुद्धा नाही.

मर्फीच्या विस्मरणाचे कारण नेमके येथे आहे. कोणत्याही खेळात जुन्या खेळाडूची आठवण जिवंत ठेवतात ते त्याच्या मागून त्याच मैदानावर आलेले खेळाडू आणि त्यांना पाहायला येणारी माणसे. मर्फीचा अख्खा समाजच स्वारांच्या रांगेतून हद्दपार झाल्यावर त्याची गोष्ट पुढच्या पिढीला सांगणार कोण? आकडे तेवढे उरले. त्याच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे त्याने १,४१२ शर्यतींपैकी ६२८ जिंकल्या. पुढे अभ्यासकांनी उपलब्ध नोंदी तपासून १,५३८ शर्यतींत ५३० विजय हा आकडा काढला. म्हणजे एका हिशेबाने शंभरातील चव्वेचाळीस आणि दुसऱ्याने चौतीस विजय. दोहोंतला कमी आकडा धरला, तरी अमेरिकेच्या नामांकित जॉकींत तो अग्रभागीच राहतो.

१९५५ मध्ये सॅरटोगा येथील राष्ट्रीय अश्वशर्यत संग्रहालयाने सन्मानप्राप्त जॉकींची पहिली यादी केली, तिच्यात मर्फीचे नाव होते. नाव सापडले, पण कबर सापडत नव्हती. मूळचे लाकडी चिन्ह केव्हाच कुजून गेले होते आणि स्मशानभूमीत रान माजले होते. फ्रँक बोरीस या पत्रकाराने काही वर्षे चिकाटीने शोध घेऊन, जुन्या जाणत्यांना विचारून अखेर ती जागा हुडकली. १९६७ मध्ये मर्फीचे अवशेष तेथून हलवून मॅन ओ' वॉर या विख्यात घोड्याच्या समाधीशेजारी ठेवण्यात आले. पुढे ही दोन्ही स्मारके लेक्झिंग्टनच्या केंटकी हॉर्स पार्कमध्ये नेण्यात आली. १९९५ मध्ये अमेरिकेतील शर्यतविषयक वार्ताहरांच्या संघटनेने विजयाचे सर्वाधिक प्रमाण राखणाऱ्या जॉकीसाठी मर्फीच्या नावाने पुरस्कार सुरू केला. मॉनमथनंतर ज्या वृत्तपत्रसृष्टीने त्याला धुळीस मिळवले, तिच्याच वारसांनी केलेली ही भरपाई म्हणावी लागेल.

मॅन ओ' वॉरचा जन्म १९१७ चा, म्हणजे मर्फीच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी झालेला. दोघांचा आयुष्यात काडीचाही संबंध आला नव्हता. मर्फीची पत्नी लूसी १९१० मध्ये वारली आणि त्या जुन्या स्मशानभूमीतच पतीजवळ विसावली. पतीला तेथून हलवण्यात आले, ती मात्र तेथेच राहिली. ईस्ट थर्ड स्ट्रीटवर जेथे या दांपत्याचे घर होते, तेथे आता मर्फीच्या नावाने एक स्मृतिउद्यान उभे आहे. हॉर्स पार्कला भेट देणारे बहुतेक पर्यटक मॅन ओ' वॉरचा भव्य पुतळा पाहायला येतात. त्यांतले काही थोडे पुढे जाऊन मर्फीच्या समाधीवरचे नावही वाचतात.