जमिनीचा ताप मोजणारे अरागो

१८३३च्या अखेरीस पॅरिसच्या ग्रनेल भागात, कत्तलखान्याच्या आवारात एक खोल विंधन विहीर खोदायला सुरुवात झाली. शहराला पाणी हवे होते. खोदकाम लुई-जॉर्ज म्युलो यांच्याकडे होते आणि त्यामागे खंबीरपणे उभे होते फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सचिव फ्रान्स्वा अरागो. १७८६ साली दक्षिण फ्रान्समधील एस्ताजेल गावी जन्मलेले अरागो प्रकाश आणि चुंबकत्वावरील संशोधनामुळे तोवर युरोपभर नावाजले होते.

१८३७मध्ये सुमारे ४०० मीटर खोलीवर छिद्रकाच्या सळया तुटून आत पडल्या. त्या काढण्यातच वर्षाहून अधिक काळ गेला. पाण्याचा पत्ता नव्हता आणि खर्च वाढत होता. पण खडूच्या जाड थराखाली पाणी धरणारी वाळू असणारच, यावर अरागो ठाम राहिले.

त्यांचे लक्ष तापमापीकडेही होते. वेधशाळेच्या तळघरात २८ मीटर खोलीवर बाराही महिने ११.७ अंश सेल्सिअस तापमान असे. विहिरीत तापमापी सोडल्यावर खोलीबरोबर उष्णता वाढताना दिसली, साधारण दर ३२ मीटरला १ अंश. २६ फेब्रुवारी १८४१ रोजी, अरागोंच्या ५५व्या वाढदिवशी, ५४८ मीटरवरून पाणी उसळून वर आले. ते सुमारे २८ अंश, म्हणजे हिशेबाला धरूनच होते.

पुढे १८४८मध्ये ते मंत्री झाले. फ्रेंच वसाहतींमधील गुलामगिरी त्याच सरकारने संपवली. शरीर मात्र मधुमेहाने पोखरले होते. दृष्टी गेली, मूत्रपिंडे निकामी होत गेली, अंगावर सूज आली. इन्सुलिनचा शोध लागायला अजून जवळपास ७० वर्षे होती. २ ऑक्टोबर १८५३ रोजी त्यांचे निधन झाले.

ग्रनेलच्या पाण्याच्या थरातूनच १९६३पासून पॅरिसच्या रेडिओ भवनाला उष्णता पंपाद्वारे ऊब मिळू लागली. १९६९मध्ये जवळच्या मलँ शहरात दोन खोल विहिरी खोदल्या गेल्या. एकीतून गरम खारे पाणी वर येते, त्याची उष्णता नळांतून घरोघरी जाते आणि थंड झालेले पाणी दुसरीतून परत खाली सोडले जाते. घर उबदार राहते आणि त्यासाठी कोळसा जाळून छातीत धूर भरावा लागत नाही. अरागोंच्या हिशेबाने १८०० मीटरवर सुमारे ६७ अंश तापमान भरते. पॅरिस परिसरातील अशा विहिरींचे पाणी आज ५५ ते ८५ अंशांचे असते.