औंधची लेखी ग्रामसत्ता

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) लोकांना आठवतात ते सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि कलासंग्राहक म्हणून. त्यांचे सर्वांत धाडसी कार्य मात्र कायद्याच्या कागदावर आहे. १९०९ मध्ये ते गादीवर आले. संस्थान लहानच, सातारा, सांगली व विजापूर भागांत विखुरलेली अवघी ७२ गावे, आणि त्यांत आटपाडीसारखा पाण्याला पारखा मुलूख! १९३८ च्या अखेरीस त्यांनी राज्य प्रजेच्या स्वाधीन करण्याचे जाहीर केले. चिरंजीव अप्पासाहेब आणि मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रिडमन यांनी गांधीजींच्या सल्ल्याने मसुदा सिद्ध केला व जानेवारी १९३९ मध्ये ती राज्यघटना स्वीकारली गेली.

तिचा पाया ग्रामपंचायत हा होता. गावाने पाच पंच निवडावेत, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हावी आणि तेथून विधिमंडळात प्रतिनिधी जावेत, अशी ती रचना. गावकारभाराबरोबर तंटे मिटविण्याचे कामही गावाकडे आले. पूर्वी संस्थानिकाच्या मर्जीवर चालणारी गोष्ट आता लेखी अधिकार झाली, आणि त्या लेखाने राजाने प्रथम स्वतःलाच बांधून घेतले. आपल्या संस्थानिकांत हे विरळाच.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. विलीनीकरण अपरिहार्य व इष्टही होते. परंतु राजाने दिलेली ही ग्रामसत्ता लोकशाहीच्या आगमनाबरोबरच संपुष्टात यावी, हा विपर्यास खराच. तीन वर्षांनी भवानराव निवर्तले. पंचायतींना भारतीय संविधानात भक्कम स्थान मिळण्यास १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती यावी लागली.